त्यात काय एवढं, जपानीतून

ये, बस इथे माझ्याजवळ. बॅग रात्री भरू. तीन दिवसांनी तू तोक्योत असशील आणि पहिल्याच आठवड्यात एक प्रसंग तुझ्यावर येणार आहे, त्याबद्दल मला तुझ्याशी निवांत बोलायचंय. कुणीतरी तुझे आभार मानणार आहे.

हसू नकोस गं. तू जपानीची एन-थ्री पास आहेस, कान्जी तुझ्या बोटांवर आहेत, मला माहीत आहे. पण त्या परीक्षेत वाचता येतं का बघतात, ऐकून कळतं का बघतात, तोंडाने एक वाक्य बोलायला लावत नाहीत. मीही अशीच गेले होते. आभार कसे मानायचे ते पुण्यातच शिकले होते, अगदी कमरेतून वाकण्यासकट. आपले कुणी आभार मानले तर काय करायचं, ते मात्र पुस्तकात एका ओळीत उरकलं होतं. ती ओळ तुलाही पाठ असणार: दोऽ इताशिमाश्ते.

माझी नोकरी सुरू होऊन दोनेक महिने झाले होते. महिनाअखेरीची एक फाइल बिघडली आणि ती नीट करायला मी रात्री उशिरापर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे विभागप्रमुख, आपल्या बाबांच्या वयाचे गृहस्थ, माझ्या टेबलापाशी आले. थांबले, मान झुकवली, ‘साकुबान वा अरिगातोऽ गोझाइमाश्ता’ म्हणाले. काल रात्रीबद्दल आभार. मी ताडकन उठले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, ‘दोऽ इताशिमाश्ते!’ ते हसून गेले. काही बिनसलं नाही. पण शेजारच्या टेबलावरची माझी सेम्पाइ, मला कामाची घडी घालून देणारी, दुपारी जेवताना माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, ‘वाक्य चुकलेलं नाही. पण मोठ्या माणसाला ते म्हटलं की कानाला असं लागतं, की हो, केलं खरं मी तुमच्यासाठी, असं तू मान्य करते आहेस.’

मला ते फार लागलं. कारण मनात तसं काहीच नव्हतं. आणि कारण ती म्हणत होती ते मला लगेच पटलं.

शब्द उलगडून बघितलास तर त्या वाक्याचा तसा काही दोष नाही. ‘दोऽ’ म्हणजे कसं, काय. ‘इतासु’ म्हणजे करणं, पण स्वतःकडे लहानपण घेऊन केलेलं करणं. म्हणजे मुळात तो प्रश्न आहे, ‘मी असं काय मोठं केलं?’ किती नम्र! पण ठरीव उत्तर म्हणून वापरून वापरून त्यातला प्रश्न झिजून गेला, आणि आता ऐकणाऱ्याला कधीकधी त्यातून नुसतं ‘तुमचे आभार पोचले’ एवढंच ऐकू येतं. कुणी तुला सांगेल, जपानात हे वाक्य कुणी म्हणतच नाही. त्यावर विश्वास ठेवू नकोस. बालवाडीतली पोरं म्हणतात, वयस्कर बायका इतक्या गोड म्हणतात की ऐकत राहावं. लहान मुलाने तुझे आभार मानले तर तू खुशाल म्हण. ऑफिसात वरच्या माणसाला म्हणू नकोस, एवढंच.

मग काय म्हणायचं? आपली आजी आठव. शेजारच्या काकू वाटीभर आमटी परत करताना काही बोलायला लागल्या की आजी त्यांना वाक्य पुरं करू द्यायची का? ‘अगं, त्यात काय एवढं!’ हात असा हवेत झटकायची, विषय लगेच दुसरीकडे. आपल्या घरात धन्यवाद हा शब्द कुणी उच्चारतं का? कुणी म्हटलाच तर ‘आभार कसले मानतेस, परकी आहेस का?’ म्हणून आपण रागावतो. जपानी माणूस आभार मानतो भरपूर, आपल्या दहापट मानतो. पण ते मानल्यावर समोरचा जे करतो, ते थेट आजीचंच आहे. तो ते आभार हातात घेत नाही, हळूच परत सरकवतो.

त्यासाठी त्यांचा शब्द आहे ‘इइए’, म्हणजे ‘नाही’. पण सावध. एकदाच, लांबवून, ठामपणे ‘इइए’ म्हटलंस तर तो नकार होतो, जसं कुणी विचारलं तुम्ही चिनी आहात का आणि तू म्हणालीस नाही. आभारांना उत्तर देताना तो आखूड होतो आणि जोडीने येतो: ‘इए इए’. आवाज खाली उतरत जाणारा, मऊ, श्वासासारखा. सोबत उजवा हात छातीपुढे उभा, अंगठा आपल्याकडे, आणि दोन-तीन वेळा अगदी थोडासा डावी-उजवीकडे. चेहऱ्यावरची माशी हाकलल्यासारखा नव्हे; काचेवरची वाफ पुसल्यासारखा. आणि मान किंचित पुढे. कर बघू. हं, हात आणखी लहान हलव. अजून. अगदी बरोबर.

एक सांगते, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आपल्याकडे कुणी आभार मानले की आपण पुष्कळदा काही बोलत नाही, हसतो आणि मान तिरकी करून हलवतो. ‘असू दे, असू दे’ असं त्या मानेत असतं. तिथे मान एका खांद्याकडे कलली की त्याचा अर्थ शंका. ‘कळलं नाही’, ‘असं कसं?’ मी पहिले काही महिने ही मान हलवत होते आणि समोरचा माणूस आपलं जपानी चुकलं की काय म्हणून तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हणायचा. तेव्हा मान पुढे झुकव, बाजूला नको. आपलं मौन आपल्या माणसांना कळतं. तिथे निदान एक ‘इए’ तरी ऐकू जायला हवा.

‘इए इए’वर माझा एवढा भर का, तर त्याने एक मोठी पंचाईत मिटते. जपानी माणूस आभार मानताना निम्म्या वेळा ‘अरिगातोऽ’ म्हणणारच नाही, ‘सुमिमासेन’ म्हणेल. तू ते ‘माफ करा’ म्हणून शिकली आहेस. लिफ्टचं दार धरून ठेवलंस, सुमिमासेन. पडलेला हातमोजा उचलून दिलास, सुमिमासेन. नवीन माणूस गोंधळतो, हा माफी का मागतोय? शब्दाच्या पोटात बघ. ‘सुमु’ म्हणजे संपणं, मिटणं. ‘सुमिमासेन’ म्हणजे हे असं मिटत नाही. आपण म्हणतो ना, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, तोच भाव, रोजच्या चिल्लर व्यवहारात उतरलेला. ताकेओ दोई नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांचं ‘आमाए नो कोऽझोऽ’ हे पुस्तक 1971 साली आलं आणि खूप गाजलं. त्यात त्यांनी लिहिलंय की अमेरिकेत गेल्यावर तिथल्या वरिष्ठांनी त्यांच्यावर काही मेहेरबानी केली, तेव्हा यांच्या तोंडून इंग्रजीतही ‘सॉरी’च निघालं. समोरच्याला कळेना, सॉरी कशाबद्दल? विचार कर, एवढ्या शिकलेल्या माणसाच्याही तोंडून आभार मानताना हेच आलं. तुला मात्र ‘सुमिमासेन’ ऐकून ही माफी की हे आभार असा निवाडा करत बसायची गरज नाही. ‘इए इए’ दोन्हीला चालतं.

आणि ‘अरिगातोऽ’ म्हणजे काय, माहीत आहे? ‘आरु’ म्हणजे असणं, ‘काताइ’ म्हणजे कठीण. असणं कठीण. दुर्लभ! बारीक, नेमका आपला शब्द. सुमारे हजार वर्षांपूर्वी सेइ शोनागोन नावाची राणीच्या पदरी असलेली एक बाई होऊन गेली, तिच्या ‘माकुरा नो सोऽशि’ या पुस्तकात अशा दुर्लभ गोष्टींची यादीच आहे. सासऱ्याने वाखाणलेला जावई, सासूची लाडकी सून, केस नीट उपटणारा चांदीचा चिमटा. ते वाचलं तेव्हा मला ती आपल्या वाड्यातली वाटली. गोव्याकडचं कुणी भेटलं तर सांगेल की अरिगातोऽ हे पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आलं. ऐकायला जुळतं खरं, पण पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले 1543 मध्ये, आणि या बाईने ती यादी त्याआधी पाचशे वर्षं लिहिलेली. तेव्हा समोरचा तुला म्हणतोय, तुम्ही केलंत ते दुर्लभ आहे. तू म्हणायचं, छे, कुठलं दुर्लभ. एवढंच आहे बघ सगळं.

आता ऑफिस. तिथे नुसतं ‘इए इए’ वरच्या माणसाला तोकडं पडतं. त्या दिवशी जेवताना सेम्पाइने मला सांगितलं ते हे: ‘तोन्देमोनाइ देस’. ‘छे छे, भलतंच!’ याच्याइतकं जवळचं मराठी मला सापडलं नाही. याचं आणखी भारदस्त रूप ऐकशील, ‘तोन्देमो गोझाइमासेन’. जुन्या वळणाचे लोक त्याला नाक मुरडतात, कारण ‘तोन्देमोनाइ’ हा अख्खा एक शब्द आहे, त्यातलं ‘नाइ’ तोडून आदराचं शेपूट लावणं व्याकरणाला धरून नाही. पण 2007 साली सरकारच्या सांस्कृतिक परिषदेने आदरार्थी भाषेची मार्गदर्शिका काढली, तिच्यात हे वापरायला हरकत नाही असं स्पष्ट सांगितलंय. तरी तू आपलं ‘तोन्देमोनाइ देस’ म्हण. सुरुवातीला तेच तोंडात बसतं.

पण तिथे थांबू नकोस. नुसती नकारघंटा वाजवून माणूस गप्प बसला की समोरच्याचा हात रिकामाच राहतो. त्याच्या मागे एक ओळ जोड: ‘ओयाकु नि तातेते योकात्ता देस.’ उपयोगी पडता आलं, बरं झालं. यातलं ‘तातेते’ बघ. ‘उपयोगी पडले’ नव्हे, ‘पडता आलं’. माझ्या हातून घडलं ते माझं नशीब, अशी छटा. मराठीत हा फरक आपण न शिकता करतो, तुला तो शिकवावा लागणार नाही. आणि कामातून खरंच काही कळलं असेल तर ‘बेन्क्योऽ नि नारिमाश्ता’ म्हण, माझाच अभ्यास झाला. मला स्वतःला हे फार आवडतं. पण खरं असेल तरच म्हण. दिवसभर कागद फाडत बसलीस आणि वर अभ्यास झाला म्हणालीस तर ते कोरडं वाजतं, आणि तिथल्या लोकांचा कान या बाबतीत फार तिखट आहे.

‘क्योऽशुकु देस’ आणि ‘ओसोरेइरिमास’ हे दोन शब्द कानावर पडतील. फार मोठ्या माणसाने फार मान दिला, तर संकोचाने आकसून गेले, असं सांगणारे. समजून घे, पत्रांतून वाच. पहिल्या वर्षी बोलू नकोस.

बरोबरीच्या मैत्रिणींना इतकं काही लागत नाही. ‘इइ यो’, ‘झेन्झेन’, ‘कि नि शिनाइदे’, झालं. ओसाकाकडची कुणी भेटली तर ती ‘कामाहेन, कामाहेन’ म्हणेल. तिच्या तोंडी ते गोड लागतं, तू तिची नक्कल करू नकोस. दुकानात तर उत्तरच देऊ नकोस. गल्ल्यावरचा मुलगा दिवसातून शेकडो गिऱ्हाइकांना अरिगातोऽ गोझाइमास म्हणतो, त्याला हलकीशी मान पुरते. मी सुरुवातीला प्रत्येकाला थांबून ‘इए इए’ म्हणायचे आणि मागची रांग खोळंबायची.

मेलचं वेगळं. तू मदत केलीस, त्यांनी आभाराचा मेल पाठवला, तर एका ओळीने उत्तर दे: ‘गोतेइनेइ नि अरिगातोऽ गोझाइमास’. एवढ्या अगत्याने कळवलंत, त्याबद्दल आभार. आभारांचे आभार. त्यांनी त्यालाही उत्तर दिलं तर मग तू थांब. कुणीतरी थांबावंच लागतं, आणि धाकट्याने थांबलेलं चालतं.

आता जे मला सगळ्यात जवळचं वाटतं ते सांगते. ‘कोचिरा कोसो.’ ‘कोचिरा’ म्हणजे ही बाजू, आमची बाजू. आणि ‘कोसो’ म्हणजे काय? आपला ‘च’! इंग्रजीतून शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणींना त्या ‘कोसो’साठी केवढं लांबलचक स्पष्टीकरण लागायचं. मराठी माणसाला एका अक्षरात कळतं. आभार आमच्याकडूनच. मात्र हा शब्द देणंघेणं दोन्हीकडून असेल तेव्हाच शोभतो. बरोबर काम केलं, वर्षभर एकमेकांना सांभाळून घेतलं, तेव्हा. रस्त्यात अनोळखी माणसाची छत्री उचलून दिलीस आणि ‘कोचिरा कोसो’ म्हणालीस तर तो बिचारा आठवत बसेल, आपण हिच्यासाठी काय केलं.

हा शब्द मला शिकवला तो आमच्या निशि-कासाइच्या इमारतीतल्या आजींनी. तू तोऽझाइ लाइनने रोज जाशील ना, तिच्यावरच्या निशि-कासाइ स्टेशनपासून आठ-दहा मिनिटांवर. मी पाचव्या मजल्यावर, त्या चौथ्या. एका पावसाळी संध्याकाळी त्यांच्या हातातली मुळा-कोबीची पिशवी मी दारापर्यंत नेऊन दिली. चार पायऱ्या आणि एक लिफ्ट, तेवढंच. त्या म्हणाल्या सुमिमासेन, मी म्हणाले इए इए. मला वाटलं, संपलं. दोन दिवसांनी टपालपेटीपाशी भेटल्या, तर थांबून, वाकून, ‘सेन्जित्सु वा अरिगातोऽ गोझाइमाश्ता’. परवाबद्दल आभार. मला क्षणभर आठवेचना, परवा काय? मी नुसती बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एक बारीक सावली आली, तेवढी मी अजून विसरले नाही. तिथे आभार एकदा मानून भागत नाही बाळा. पुढच्या भेटीत ते पुन्हा काढायचे असतात, म्हणजे तुमची मदत मी विसरले नाही, हे सांगून होतं. ज्याचे आभार मानले त्यानेही ते आठवायचं असतं. म्हणून तू कुणासाठी काही केलंस तर मोजू नकोस, पण लक्षात ठेव.

त्या आठवड्यात त्यांनी डबा पाठवला, काकीचा. आपल्याकडे टेंभुर्णी असते ना, तिच्याच जातकुळीतलं मोठं, केशरी फळ, सोलून फोडी केलेल्या. मी डबा धुतला आणि हात थबकला. आई काय म्हणते? रिकामा डबा परत देऊ नये. घरात दिवाळीच्या चकल्या होत्या, चार घातल्या आणि नेऊन दिल्या. आजींनी झाकण उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे एकदम लहान मुलीसारखे झाले. ‘ओउत्सुरी!’ म्हणाल्या. भांडं परत करताना त्यात काहीतरी घालून द्यायचं, याला तिथला जुना शब्द. पूर्वी काही नसलं तर कोऱ्या कागदाची घडी नाहीतर काड्यापेटी ठेवायचे. आता तरुण लोकांना हा शब्दही फारसा माहीत नसतो, त्या म्हणाल्या, आणि तू परदेशातून येऊन कुठे शिकलीस? मला जपानीत सांगता येईना की हे मी शिकलेलंच नाही, हे आमच्या घरचं आहे. मी आभार मानायला लागले, तर त्यांनी हात हलवून मला थांबवलं आणि म्हणाल्या, ‘कोचिरा कोसो’. त्या दिवशी मला त्या ‘च’चं वजन कळलं.

पुढे तो डबा सहा वर्षं चौथ्या आणि पाचव्या मजल्यामध्ये फिरत राहिला. कधी मोची, कधी तिळाच्या वड्या. जेवायला बोलावलं आणि मी ‘गोचिसोऽसामा देश्ता’ म्हटलं की त्या म्हणायच्या ‘ओसोमात्सुसामा’, साधंसुधंच होतं हो. अगदी आपल्या काकू म्हणतात तसं, गोड मानून घ्या.

आता माझं एक काम. त्या फडताळात वरच्या कप्प्यात निळ्या झाकणाचा चौकोनी डबा आहे, तो काढ. मी निघाले तेव्हा घाईत माझ्याकडेच राहिला. आईकडून भाजणीच्या चकल्या भरून घे, तांदळाच्या सेन्बेइसारख्या कुरकुरीत लागतात म्हणून त्या आजींना आवडायच्या. चौथा मजला, लिफ्टमधून डावीकडचं शेवटचं दार. डबा दोन्ही हातांनी दे. त्या सुमिमासेन म्हणतील, तू इए इए म्हण. मग माझी चौकशी करतील, दारात उभ्या राहूनच. निघताना पुन्हा वाकतील, तू पुन्हा म्हण. दोन-चार दिवसांनी खाली भेटल्या की चकल्यांचं परत निघेल, तेव्हा मात्र ‘कोचिरा कोसो’ म्हण, कारण तोवर त्यांनी तुझ्याही हातात काहीतरी ठेवलेलं असेल. ऑक्टोबर सरत आला असेल तर काकीच.